ब्रासमागे ६०० रुपये

भूगर्भातील किंवा नदीपात्रातील द्रव्य काढून विकणाऱ्याने त्या द्रव्याच्या मालकाला दर परिमाणामागे जी रक्कम द्यावयाची असते, तिला कायद्यात स्वामित्वधन आणि रोजच्या व्यवहारात रॉयल्टी म्हणतात. तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपन्यांनी ही रक्कम कोणत्या सरकारला, कोणत्या क्षेत्रातील उत्पादनापोटी आणि किती दिली हे जाहीर करावे की नाही, यावर गेली दोन दशके जगभर कायदे झाले, न्यायालयांत रद्द झाले आणि पुन्हा लिहिले गेले. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तेलाची एकही विहीर नाही, कारण लाव्हारसाचे थर एकावर एक गोठून तयार झालेला काळा बेसाल्ट हाच या मुलखाचा पाया आहे. तरीही स्वामित्वधनाचा प्रश्न येथे मुळीच परका नाही, कारण कृष्णा, येरळा आणि माण या नद्यांतील वाळू, डोंगरउतारावरचा मुरूम, खडीसाठी फोडला जाणारा दगड आणि वीटभट्टीला जाणारी नदीकाठची माती या साऱ्यांवर सरकार ही रक्कम आकारते, आणि तिचा हिशेब लोकांना कोणत्या पातळीवर दिसतो हा प्रश्न तेलाच्या बाबतीत जितका खरा आहे तितकाच वाळूच्या बाबतीतही आहे.

स्वामित्वधन हा कर आहे की किंमत, हा वाद वरवर पाहता वकिलांपुरता वाटतो, परंतु हिशेब मागण्याचा हक्क कोठून येतो हे त्याच्याच उत्तरावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये इंडिया सिमेंट प्रकरणात स्वामित्वधन हा कर आहे असे म्हटले होते आणि पुढची साडेतीन दशके त्या विधानाभोवती खटले चालत राहिले. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते मत बाजूला सारले आणि स्वामित्वधन म्हणजे खाणपट्टा घेणाऱ्याने खनिज काढण्याच्या हक्कापोटी पट्टा देणाऱ्याला द्यावयाचा करारजन्य मोबदला होय, तो कर नव्हे, असा निर्णय दिला. या निर्णयाने राज्यांना खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याची मोकळीक मिळाली आणि वर्तमानपत्रांतील चर्चा साहजिकच तेवढ्यावरच थांबली. पण सामान्य वाचकाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. कर भरणारा नागरिक सरकारला काही देत असतो, तर स्वामित्वधनाच्या व्यवहारात सरकार लोकांच्या वतीने एक वस्तू विकत असते, आणि ती वस्तू एकदा गेली की परत येत नाही. विकणाऱ्याच्या घरच्यांना वस्तू किती गेली, कोणत्या भावाने गेली आणि पैसे हाती आले का, हे कळणे म्हणजे कोणाचा उपकार नसून त्या व्यवहाराचाच भाग ठरतो.

तेलाच्या जगात हा विचार कायद्यात उतरण्यास वेळ लागला. आफ्रिकेतील अनेक तेलसमृद्ध देशांत कंपन्यांनी सरकारांना दिलेले पैसे आणि सरकारी तिजोरीत दिसणारे पैसे यांचा मेळ बसत नव्हता, आणि दोन्ही बाजूंना गुप्ततेची कलमे सोयीची होती. २००२ मध्ये, तुम्ही काय देता ते प्रसिद्ध करा, असा आग्रह धरणारी स्वयंसेवी संस्थांची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि त्याच सुमारास ब्रिटनच्या पुढाकाराने उत्खनन उद्योगातील पारदर्शकतेचा एक उपक्रम उभा राहिला, ज्यात कंपन्यांनी दिलेले आणि सरकारांना मिळालेले आकडे स्वतंत्रपणे गोळा करून शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत आहे. पन्नासहून अधिक देश या उपक्रमात आहेत, भारत नाही. अमेरिकेने २०१० च्या वित्तसुधारणा कायद्यात तेल, वायू आणि खनिज कंपन्यांना अशी माहिती देणे बंधनकारक केले, परंतु रोखे बाजाराच्या नियामक आयोगाने २०१२ मध्ये केलेला पहिला नियम २०१३ मध्ये न्यायालयाने रद्द केला, २०१६ मधील दुसरा नियम २०१७ मध्ये तेथील संसदेने उलथवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिसरा नियम आला, ज्यानुसार कंपन्यांचे पहिले अहवाल २०२४ मध्ये दाखल झाले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१४ मध्ये असेच कायदे केले, आणि एक लाख युरो किंवा एक लाख कॅनेडियन डॉलर ही रक्कम जाहीर करण्याची किमान मर्यादा ठरवली.

या साऱ्या झगड्यात कंपन्यांचा खरा विरोध एकूण रक्कम सांगण्याला क्वचितच होता; भांडण होते ते प्रकल्प कशाला म्हणायचे यावर. एखाद्या कंपनीने अमुक देशाला वर्षभरात इतके कोटी दिले, एवढेच सांगितले तर त्या देशातील कोणत्याही एका खेड्याला आपल्या शिवारातील विहिरीचे किती पैसे झाले हे कळत नाही. विहीरनिहाय किंवा करारनिहाय आकडा दिला तर कळते. अमेरिकेच्या तिसऱ्या नियमाने प्रकल्पाची व्याख्या सैल केली आणि एकाच प्रांतातील एकाच प्रकारचे उत्खनन एकत्र दाखवण्याची मुभा दिली, यावर टीका झाली ती याच कारणाने. बेरीज जितकी मोठी तितकी ती निरुपद्रवी होते, ही गोष्ट टेक्सासच्या तेलकंपनीला जशी ठाऊक आहे तशी ती महसूल खात्यालाही ठाऊक आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले, तरी त्या तेलाचे स्वामित्वधन महाराष्ट्राला मिळत नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्रतळाखालील संपत्ती केंद्राच्या स्वाधीन आहे. जमिनीवरच्या विहिरींचे स्वामित्वधन मात्र त्या त्या राज्याला, म्हणजे गुजरातला किंवा आसामला मिळते. त्यामुळे देशातील एक फार मोठे तेलक्षेत्र दारात असूनही पश्चिम महाराष्ट्रातील माणसाचा स्वामित्वधनाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो ट्रॅक्टर, टिपर आणि ब्रास यांच्यामार्फतच.

खाण व खनिजे अधिनियम १९५७ मध्ये झाला. त्याने इमारती दगड, गोटे, साधी चिकणमाती, साधी वाळू आणि केंद्राने जाहीर केलेली तत्सम द्रव्ये यांना गौण खनिजे म्हटले आणि त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार कलम १५ अन्वये राज्यांना दिला. गौण हे विशेषण फसवे आहे. सोन्याहिऱ्यांच्या तुलनेत ती गौण असली तरी धरण, महामार्ग, शाळा आणि घरकुल यांपैकी काहीही त्यांच्यावाचून उभे राहत नाही. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने रस्ते, बंधारे, इमारती यांच्या भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीही या यादीत आली. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार, सनदेत वेगळे काही लिहिलेले नसेल तर, खनिजांची मालकी राज्याकडे आहे, आणि उत्खननाची रीत २०१३ च्या महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियमांनी घालून दिली आहे. खाणपट्टा दीर्घ मुदतीचा असतो, तात्पुरता परवाना ठरावीक परिमाणाचा असतो, आणि नदीतील वाळूसाठी पात्राचे तुकडे पाडून, ज्यांना वाळूगट म्हणतात, त्यांचा लिलाव होतो.

परिमाण ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. जुलै २०२१ पासून राज्यात गौण खनिजांच्या स्वामित्वधनाचा सर्वसाधारण दर ब्रासमागे ४०० रुपयांवरून ६०० रुपये झाला. शिवाय स्वामित्वधनाच्या १० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी घेतली जाते, ज्याचा विचार पुढे येईल. म्हणजे तीन ब्रास मुरूम भरलेल्या टिपरमागे १,८०० रुपये स्वामित्वधन आणि १८० रुपये प्रतिष्ठानाचे, एवढा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. अवघड आहे ते दिवसात किती टिपर गेले हे सांगणे.

येथे दोन प्रकारच्या व्यवहारांतील फरक समजून घेतला पाहिजे, कारण चोरीचा मोह कोणत्या बाजूने होतो हे त्यावर अवलंबून असते. दगडाच्या खाणीत काढलेल्या मालावर ब्रासप्रमाणे पैसे भरायचे असतात, तेव्हा काढलेले कमी दाखवण्याकडे कल असतो. वाळूगटाच्या लिलावात मात्र ठरावीक परिमाणासाठी बोली लावून ती रक्कम भरलेली असते, आणि मंजूर परिमाण उचलून झाल्यावर उपसलेला प्रत्येक जादा ब्रास ठेकेदाराला फुकट पडतो. पहिल्या प्रकारात लोकांचे पैसे बुडतात; दुसऱ्यात पैशांबरोबर नदीही बुडते, कारण लिलावाची रक्कम पूर्ण वसूल झाल्याचा कागद सरकारी दफ्तरात व्यवस्थित असतो आणि पात्रातला खड्डा त्या कागदावर उमटत नाही. म्हणून स्वामित्वधनाची नुसती रक्कम जाहीर करणे वाळूच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक ठरते. तिच्याशेजारी परिमाण असले पाहिजे, आणि ते परिमाण पावतीवरून नव्हे तर जागेवरच्या मोजणीवरून काढलेले असले पाहिजे. महसूल यंत्रणा आता खाणींचे आणि खड्ड्यांचे मोजमाप इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने करते, ज्याला ईटीएस मोजणी म्हणतात. तिचा अहवाल आणि भरलेल्या चलनांची बेरीज यांतील तफावतीवर दंडाची नोटीस निघते, आणि संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे हा दंड खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

या मोजणीचा आग्रह कायद्यात शिरला तो पर्यावरणाच्या दाराने. हरियाणातील एका प्रकरणात, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. त्यापाठोपाठ केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याने जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा असे ठरवले, आणि या अहवालाच्या ठरवून दिलेल्या नमुन्याकडे आजवर फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. त्यात जिल्ह्यातील खाणपट्ट्यांची यादी, त्यांचे स्थान, क्षेत्र आणि मुदत, मागील तीन वर्षांत मिळालेले स्वामित्वधन किंवा महसूल, मागील तीन वर्षांतील वाळू किंवा गौण खनिजाचे उत्पादन, आणि नदीत दरवर्षी नव्याने वाहून येणाऱ्या वाळूचा अंदाज या गोष्टी देणे आवश्यक आहे. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा, आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या, आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने करायचा. अमेरिकेत दहा वर्षे भांडून जी माहिती कंपन्यांकडून मिळवावी लागली, तिच्याशी नाते सांगणारी माहिती येथे एका पर्यावरणविषयक परिशिष्टात, मागणीशिवाय, आधीच देय करून ठेवली आहे.

तथापि त्या नमुन्यात स्वामित्वधनाचा आणि उत्पादनाचा आकडा येतो तो जिल्ह्याचा, वाळूगटाचा नव्हे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड असा प्रवास करणाऱ्या आणि पुढे सांगली जिल्ह्यात वाळवा, भिलवडी, सांगली, हरिपूर या गावांवरून जाणाऱ्या कृष्णेची बारमाही वाट आणि खटाव किंवा माण तालुक्यातून निघणाऱ्या, पावसाळा सरला की कोरड्या पडणाऱ्या येरळेची किंवा माणगंगेची वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कृष्णेत वरून पुराबरोबर काही वाळू येत राहते. दुष्काळी पट्ट्यातील नदीत जी आहे तीच वाळू अनेक वर्षांची पुंजी असते, आणि तिच्या थरात मुरलेले पाणी काठच्या विहिरींना उन्हाळ्यात आधार देते. या दोहोंची बेरीज करून जिल्ह्याचा एकच आकडा छापला, तर ज्या गावाची विहीर आटली त्या गावाला तो आकडा काहीच सांगत नाही.

वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी राज्याने महाखनिज ही संगणकीय प्रणाली आणली आहे. स्वामित्वधन ऑनलाइन भरल्यावर मंजूर परिमाणाइतके वाहतूक पास निघतात, प्रत्येक पासवर वाहन, परिमाण आणि मुदत असते, आणि गौण खनिज वाहणाऱ्या वाहनाला जीपीएस यंत्र लावणे बंधनकारक केले आहे. पूर्वीच्या छापील पावतीपुस्तकाच्या मानाने, जेथे एकाच पावतीवर दिवसभर खेपा होत असत, ही फार मोठी सुधारणा आहे यात शंका नाही. तिचा रोख मात्र वाहनावर आहे. एका गटातून निघालेल्या सर्व पासांची बेरीज, त्याच गटाचे लिलावातील मंजूर परिमाण आणि मुदत संपल्यावरची ईटीएस मोजणी हे तीन आकडे एका ओळीत मांडून गावाच्या चावडीवर लावले, तर स्वामित्वधनाची जाहीर नोंद म्हणजे काय असते ते कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारावाचून कळेल. तिन्ही आकडे सरकारकडेच असतात; ते वेगवेगळ्या कपाटांत असतात एवढेच.

त्याऐवजी वर्षअखेरीस लोकांपर्यंत पोहोचतो तो इष्टांक. राज्य शासन प्रत्येक जिल्ह्याला गौण खनिजाच्या वसुलीचे वार्षिक उद्दिष्ट ठरवून देते आणि ३१ मार्च जवळ आला की अमुक जिल्ह्याने इष्टांकाच्या इतके टक्के वसुली केली अशा बातम्या येतात. या टक्केवारीत स्वामित्वधन, लिलावाची रक्कम, अवैध वाहतुकीचा दंड आणि सरकारी कामांच्या देयकांतून कापून घेतलेली रक्कम असे सारे एकत्र असते. शेवटच्या प्रकाराचा थोडा खुलासा हवा. रस्ता किंवा कालवा बांधणाऱ्या ठेकेदाराने वापरलेल्या खडी-मुरुमाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या सादर केल्या नाहीत, तर बांधकाम खाते त्याच्या बिलातून ती रक्कम कापून महसूल खात्याकडे भरते. पैसे सरकारला मिळतात, पण तो मुरूम कोणत्या डोंगरातून आला याची नोंद त्या कपातीत असतेच असे नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी आणि महामार्गाच्या रुंदीकरणाने या दोन जिल्ह्यांत किती माती-दगड हलवला असेल याची कल्पना केली, म्हणजे ही साधी दिसणारी कपात किती मोठे उत्खनन झाकू शकते हे ध्यानात येते. दंड वाढला म्हणून इष्टांक पूर्ण झाला तर ती प्रशासनाच्या यशाची खूण मानावी की चोरी वाढल्याची, हे टक्केवारी सांगू शकत नाही.

या संदर्भात सांगली जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे, आणि स्वामित्वधनावर लिहिणाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले हे आश्चर्यच म्हणायचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी खानापूर तालुक्यात दुष्काळ पडला होता, मुंबईच्या गिरणी संपानंतर अनेक कामगार गावी परतले होते, आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून दुष्काळ हटत नाही हा अनुभव लोकांच्या गाठीशी होता. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळाची कारणे शोधायला सुरुवात केली, तेव्हा येरळेच्या पात्रातून ठेकेदार उपसत असलेली वाळू हे त्यांतील एक कारण म्हणून पुढे आले. लिलावाचे पैसे सरकारकडे, नफा ठेकेदाराकडे आणि आटलेली विहीर गावाकडे, अशी ती वाटणी होती.

बलवडी आणि तांदुळवाडी या गावांतील लोकांनी त्यावर जे उत्तर काढले ते नुसत्या बंदीच्या मागणीपेक्षा फार पुढचे होते. आपल्या गावापुढच्या पात्रातील वाळूचा मर्यादित भाग आपल्यालाच विकू द्यावा आणि त्या पैशातून आपणच येरळेवर लहान धरण बांधू, अशी त्यांची मागणी होती. वाळू ही सरकारची, तिचे पैसे सरकारी तिजोरीत जायचे आणि धरण बांधणे हेही सरकारचेच काम, या तिन्ही गृहीतकांना त्यामुळे एकदम धक्का बसला, आणि परवानगीसाठी दीर्घकाळ झगडावे लागले यात नवल नाही. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांचे तांत्रिक साहाय्य, हितचिंतकांची आर्थिक मदत, गावकऱ्यांचे श्रम आणि वाळूच्या विक्रीतून आलेले पैसे यांतून दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. जमीन असो वा नसो, पाण्यात प्रत्येकाचा वाटा, हे त्याच्या पाणीवाटपाचे तत्त्व होते. वाळू साऱ्यांची म्हणून तिच्या पैशातून अडवलेले पाणीही साऱ्यांचे, हा त्यामागचा तर्क उघड आहे. वाळवा तालुक्यातील कासेगाव येथे राहून या भागातील चळवळींचा अभ्यास करणाऱ्या गेल ऑम्व्हेट यांनी या प्रयोगाविषयी लिहिल्यामुळे तो महाराष्ट्राबाहेरही पोहोचला.

पाण्याच्या समान वाटपाचा प्रयोग म्हणून बळीराजा धरणाचे नाव घेतले जाते आणि ते रास्तच आहे, पण त्यात स्वामित्वधनाचा एक वेगळा विचारही दडलेला आहे. नेहमीच्या व्यवहारात वाळू एका गावातून जाते, पैसे राज्याच्या एकत्रित निधीत मिसळतात आणि त्यांचा खर्च तिसऱ्याच ठिकाणी होतो. ही साखळी इतकी लांब आहे की मधला कोणताही दुवा तपासायचा तर माहितीचा अर्ज करावा लागतो. बलवडीत खड्डा, विक्री आणि धरण हे तिन्ही एकाच शिवारात होते आणि पाहणाऱ्याला ते चालत जाऊन पाहता येत होते. सरकारी वाळू धोरणांत पुढे लिलावाआधी ग्रामसभेच्या शिफारशीची तरतूद आली खरी, पण ग्रामसभेला विचारले जाते ते गट लिलावात काढावा की नाही एवढेच. लिलावानंतर प्रत्यक्षात किती ब्रास गेले हे त्याच ग्रामसभेपुढे येऊन सांगण्याची जबाबदारी तितक्या ठामपणे कोणावर टाकलेली नाही. हो म्हणण्याचा हक्क दिला आणि हिशेब मागण्याचा दिला नाही, तर पहिल्या हक्काची किंमत पुढच्या लिलावापर्यंत फारशी उरत नाही.

खर्चाच्या बाजूने पाहता कायदा बराच पुढे आला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खनिज अधिनियमात कलम ९ब घालून खाणींनी बाधित झालेल्या लोकांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा न्यास स्थापण्याची तरतूद केली आणि महाराष्ट्राने त्यासाठी २०१६ मध्ये नियम केले. कोळशाच्या चंद्रपुरात किंवा लोहखनिजाच्या गडचिरोलीत या निधीचे आकडे डोळ्यांत भरतात, आणि सातारा-सांगलीसारख्या मुख्यतः गौण खनिजांच्या जिल्ह्यांत ते साहजिकच लहान असतात, परंतु प्रसिद्धीची बंधने मोठ्या आणि लहान निधीला सारखीच आहेत. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक प्रतिष्ठानाने संकेतस्थळावर बाधित गावांची यादी, दर तिमाहीत जमा झालेली रक्कम, बैठकींची इतिवृत्ते, मंजूर कामे, दिलेले कार्यादेश आणि लाभार्थी यांची माहिती ठेवायची असते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत वार्षिक अहवाल तयार करायचा असतो. गंमत अशी की प्रतिष्ठानाचा वाटा हा स्वामित्वधनाच्या नेमका १० टक्के असल्यामुळे तिमाहीत जमा झालेल्या रकमेला दहाने गुणले की जिल्ह्यात त्या काळात भरलेल्या स्वामित्वधनाचा अंदाज आपोआप मिळतो, आणि त्याला ६०० ने भागले की ब्रासही मिळतात. सवलतीचे दर आणि थकबाकी यांमुळे हा अंदाज अगदी काटेकोर राहणार नाही, तरी जिल्हा सर्वेक्षण अहवालातील उत्पादनाच्या आकड्याशी तो ताडून पाहणे कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

ज्या माहितीला असे आडमार्गाने गाठावे लागते, तिच्यासाठी सरळ मार्गही उपलब्ध आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या बाबी सांगितल्या आहेत, आणि त्यांत त्या कार्यालयाने दिलेल्या सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे कोणाला मिळाली याचा तपशील स्पष्टपणे येतो. तहसीलदाराने दिलेला मुरूम उत्खननाचा तात्पुरता परवाना हे अशा परवान्याचे ढळढळीत उदाहरण आहे. माहिती नाकारताना पुष्कळदा कलम ८(१)(घ) मधील व्यापारी गोपनीयतेचा आधार घेतला जातो. तेलकंपन्यांनी अमेरिकेत हाच मुद्दा पुढे केला होता, की प्रतिस्पर्ध्याला आमचे आकडे कळतील. तेलक्षेत्राच्या बाबतीत त्यात थोडेफार तथ्य मानता येईल. जाहीर लिलावात उघडपणे बोली लावून घेतलेल्या वाळूगटातून आणि शासनाने राजपत्रात ठरवलेल्या दराने भरलेल्या स्वामित्वधनातून कोणते व्यापारी गुपित फुटते हे मात्र समजत नाही, आणि त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी अशी माहितीही देता येते असे म्हटलेले आहे.

वाळूच्या विक्रीची पद्धत गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली. २०२३ मध्ये शासनाने लिलाव थांबवून सरकारी डेपोतून ब्रासमागे ६०० रुपयांनी वाळू देण्याचे धोरण आणले आणि एप्रिल २०२५ मध्ये ते मागे घेऊन पुन्हा ई-लिलावाची वाट धरली, ज्यात घरकुलांसाठी १० टक्के वाळू राखून ठेवली आहे. पद्धत बदलली की नोंदींचा साचा बदलतो, मागच्या वर्षाशी तुलना अवघड होते आणि तीन वर्षांचे आकडे मागणाऱ्या सर्वेक्षण अहवालात तीन निरनिराळ्या व्यवहारांची सरमिसळ होते. मे २०२५ मध्ये आलेले कृत्रिम वाळूचे धोरण हा याहून मोठा बदल आहे. दगड भरडून केलेल्या या वाळूला, जिला बांधकामाच्या बाजारात एम-सँड म्हणतात, उत्तेजन मिळावे म्हणून प्रत्येक जिल्ह्यात अशा घटकांना ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये स्वामित्वधनाची सवलत देण्यात आली. नदीवरचा ताण कमी करण्याचा हा उपाय योग्य दिशेचा आहे, आणि बेसाल्टने भरलेल्या या दोन जिल्ह्यांत कच्च्या मालाची वाण पडणार नाही. त्याचबरोबर उत्खननाचे केंद्र नदीच्या पात्रातून डोंगराच्या कडेला सरकणार आहे, जेथे ग्रामसभेची शिफारस, पावसाळ्यात भरून येणारे पात्र आणि विहिरीच्या पातळीवरून लागणारा सुगावा यांपैकी काहीच नसते. शिवाय ब्रासमागे सोडून दिलेले ४०० रुपये कोणत्याही चलनावर उमटत नाहीत, कारण चलन भरलेल्या रकमेचे असते. ते पाहायचे असतील तर सवलत मिळालेल्या घटकांची नावे आणि त्यांनी काढलेले ब्रास शेजारी शेजारी ठेवावे लागतात. त्यांतील नावे कलम ४(१)(ख) प्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करावयाची आहेत आणि ब्रास महाखनिजवर नोंदलेले आहेत.